तुफानाक तारीख नसता

कट्टा म्हटलं की पुण्या-मुंबईच्या मंडळींना कॉलेजबाहेरचा कट्टा आठवतो. आमचा कट्टा म्हणजे अख्खं गाव आहे. सिंधुदुर्गात मालवणहून कसालकडे जाणाऱ्या रस्त्यावर चौके सोडलं की कट्टा येतं. समुद्र इथून दिसत नाही. पण बाजारात मासळी मालवणची, घराघरातलं कोणी ना कोणी समुद्राशी बांधलेलं, आणि मे महिन्यात दोन म्हातारे एकत्र बसले की विषय एकच, यंदा पावसाचं काय?

हवामानाबद्दल कोकणी माणूस जितकं बोलतो तितकं बहुतेक इंग्रज माणूसच बोलत असेल. पण गेली काही वर्षं एक गोष्ट मला सतावते आहे. ज्या भागाला पावसाचं इतकं बारीकसारीक लक्षात आहे, त्याच भागात प्रत्येक चक्रीवादळानंतर एकच वाक्य ऐकू येतं, "असं यापूर्वी कधी झालं नव्हतं." आणि ते खरं नसतं. झालेलं असतं. मग ते लक्षात का राहत नाही? आजचा शनिवार या प्रश्नाला.

आधी जे नीट लक्षात आहे त्याबद्दल. कोकण रेल्वे मुंबईपासून मंगळूरपर्यंत पूर्ण सुरू झाली २६ जानेवारी १९९८ ला. त्याच्या कितीतरी आधी मुंबईहून मालवणला यायचा मुख्य रस्ता म्हणजे पाणी. भाऊच्या धक्क्यावरून आगबोट सुटायची ती रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ला अशी बंदरं घेत पणजीला जायची. मालवणला बोट धक्क्याला लागत नसे. ती बाहेर खोल पाण्यात उभी राहायची आणि माणसं, ट्रंका, आंब्याच्या पेट्या पडावातून ने-आण व्हायच्या. लाटांवर वरखाली होणाऱ्या पडावातून बोटीच्या शिडीवर पाय टाकायचा क्षण हा आमच्या आजी-आजोबांच्या पिढीचा सामायिक थरार होता.

ही बोट मेच्या शेवटी बंद व्हायची ती पाऊस सरल्यावरच सुरू. मध्ये सगळं बंद. घाटावरून गाडीरस्ता होता, पण दरडी होत्या, खाड्यांवर सगळीकडे पूल नव्हते, तिथे तरीवर अवलंबून राहायचं. म्हणजे वर्षातले तीन-चार महिने आपलं गाव जवळजवळ ऑफलाइन जाणार हे सगळ्यांना आधीच माहीत असायचं. कोणी त्याला आपत्ती म्हणत नसे. पावसाळा म्हणत.

आणि त्याची तयारी काय जबरदस्त होती! घर शाकारायचं, म्हणजे छपरावरची कौलं नाहीतर नळे उतरवून, फुटलेले बदलून पुन्हा रचायचे. नारळाच्या चुडतांची झापं विणून पडवीला पश्चिमेच्या बाजूने बांधायची, कारण पाऊस उभा येत नाही, आडवा येतो. लाकडं फोडून माच्यावर, शेणी कोरड्या जागी. उकडे तांदूळ, कुळथाचं पीठ, सोलं, चिंचेचे गोळे, मीठ, आणि सगळ्यात महत्त्वाची सुकी मासळी. खारे बांगडे, सुकट, गोलमो. भर पावसात चुलीवर भाजलेल्या खाऱ्या बांगड्याचा वास ज्याने घेतला नाही त्याला कोकण कळलं नाही असं माझं स्पष्ट मत आहे (शाकाहारी मित्रांची माफी मागून). उत्तरेकडे याला आगोट भरणं म्हणतात, आपल्याकडे पावसाची बेगमी.

होड्यांचंही तसंच. किनाऱ्यावर पार वर ओढायच्या, झापांनी शाकारायच्या, जाळी दुरुस्तीला घ्यायची. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ दिल्याशिवाय परत पाण्यात जायचं नाही. आता त्याला सरकारी कायद्याचीही जोड आहे. १९८१ च्या सागरी मासेमारी कायद्याखाली यांत्रिक बोटींना पावसाळी बंदी असते, अलीकडची बरीच वर्षं १ जून ते ३१ जुलै अशी. बंदीचं कारण माशांची वीण असं सांगतात. पण त्याच्या कितीतरी आधीपासून माणसं किनाऱ्यावर थांबत होती ती जीव वाचवायला.

ही सगळी कामं कधी करायची याचं वेळापत्रक नक्षत्रांत होतं. मृग, आर्द्रा, पुनर्वसू, पुष्य, आश्लेषा, मघा... पुनर्वसूचा तो तरणा पाऊस, पुष्याचा म्हातारा. लहानपणी मला ही सगळी अंधश्रद्धा वाटायची. नंतर कळलं की ही सूर्यनक्षत्रं आहेत. सूर्य एका नक्षत्रात साधारण तेरा-चौदा दिवस असतो, त्यामुळे मृग दरवर्षी ७-८ जूनलाच लागतो. सणांच्या तिथी चंद्रावर चालतात म्हणून पुढेमागे सरकतात. शेतकऱ्याने पावसासाठी मात्र चंद्राचं नाही, सूर्याचं कॅलेंडर वापरलं. कारण पाऊस सूर्याचं ऐकतो. मिरगाच्या दिवशी आमच्याकडे कोंबडी-वडे होतात ते काही उगाच नाही, ते एका वेळापत्रकाचं उद्घाटन असतं.

आयटीवाल्या मंडळींसाठी सांगायचं तर हे सगळं क्रॉन जॉबसारखं आहे. ठरल्या तारखेला आपोआप चालतं. कोणाला आठवण ठेवावी लागत नाही, कारण आठवण माणसांच्या डोक्यात नाही, कामात साठवलेली आहे. आजीला १९३० साली किती पाऊस पडला ते सांगता आलं नसतं, पण पडवीची कुठली बाजू झाकायची ते हाताला माहीत होतं.

आता दुसरी बाजू.

चक्रीवादळं अरबी समुद्रात मुख्यतः येतात मे ते जूनच्या सुरुवातीपर्यंत, आणि मग ऑक्टोबर-नोव्हेंबरात, क्वचित डिसेंबरातही. ऐन पावसाळ्यात फारशी नाहीत. कारण गमतीशीर आहे. चक्रीवादळ उभं राहायला गरम समुद्र लागतो आणि खालपासून वरपर्यंत वारा साधारण एकसारखा लागतो. पावसाळ्यात खाली नैऋत्येचा जोरदार वारा आणि वर, दहा-पंधरा किलोमीटरवर, पूर्वेकडून येणारा उलटा जोरदार वारा. वादळ उभं राहायला लागलं की त्याचं डोकं एकीकडे आणि धड दुसरीकडे ओढलं जातं. म्हणजे मान्सून स्वतःच वादळांना मोडून काढतो.

याचा अर्थ लक्षात येतोय का? आमची सगळी तयारी, झापं, बेगमी, वर ओढलेल्या होड्या, ही ज्या महिन्यांत असते, त्या महिन्यांत वादळ सहसा येत नाही. ते येतं त्याच्या अलीकडे नाहीतर पलीकडे. मेमध्ये, जेव्हा हंगामाच्या शेवटच्या फेऱ्या चाललेल्या असतात आणि घर शाकारायला छपरावरची कौलं उतरवलेली असतात. नाहीतर नोव्हेंबरात, जेव्हा समुद्र शांत, मासळी भरपूर आणि सगळ्या होड्या बाहेर. पहारेकरी झोपायला गेला की चोर येतो तसं.

इतिहास काढून बघू.

८ नोव्हेंबर १८८८. कच्छच्या मांडवीहून मुंबईकडे निघालेली 'वैतरणा' नावाची आगबोट सौराष्ट्राच्या किनाऱ्यालगत वादळात सापडली आणि नाहीशी झाली. सातशेहून जास्त माणसं गेली. बोटीवर विजेचे दिवे होते म्हणून लोक तिला 'विजळी' म्हणायचे, आणि गुजरातेत ती अजून त्याच नावाने लक्षात आहे.

११ नोव्हेंबर १९२७. मुंबईजवळ 'जयंती' आणि 'तुकाराम' या दोन आगबोटी एकाच दिवशी वादळात बुडाल्या.

मे १९६१. महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात एक तीव्र चक्रीवादळ देवगडच्या आसपास किनाऱ्यावर चढलं. म्हणजे अगदी आमच्या दारात.

११ नोव्हेंबर २००९. 'फयान' वादळ रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या किनाऱ्याला घासत वर गेलं आणि दुपारनंतर अलिबाग-मुंबईच्या दरम्यान जमिनीवर आलं. वाऱ्याच्या हिशेबात ते फार मोठं नव्हतं. पण होड्या समुद्रात होत्या. दोन्ही जिल्ह्यांतले कितीतरी मच्छीमार परत आलेच नाहीत.

तारीख पुन्हा वाचा. ११ नोव्हेंबर १९२७ आणि ११ नोव्हेंबर २००९. योगायोगच आहे, त्यात गूढ काही नाही. पण २००९ साली "नोव्हेंबरात कधी वादळ येतं का?" असं विचारणाऱ्या किनाऱ्यावर बरोबर ८२ वर्षांपूर्वी त्याच तारखेला दोन बोटी बुडाल्या होत्या, आणि हे फारसं कोणाला आठवत नव्हतं.

याउलट 'रामदास' बोट बघा. १७ जुलै १९४७ ला सकाळी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघाली आणि वाटेतच बुडाली. सहाशेहून जास्त माणसं गेली. रेवसकडच्या कोळ्यांनी होड्यांतली मासळी समुद्रात फेकून माणसं वर घेतली असं सांगतात. ही बोटही 'जयंती' आणि 'तुकाराम' सारखीच, स्वदेशीच्या चळवळीतून निघालेल्या आणि लोक प्रेमाने 'माझी आगबोट कंपनी' म्हणत त्या कंपनीची. रामदास मात्र मराठी माणसाच्या पक्की लक्षात आहे. का? मृतांचा आकडा प्रचंड हे एक. आपल्याच मुंबईच्या दारात हे दुसरं. पण तिसरं कारणही आहे असं मला वाटतं. त्या दिवशी आषाढी अमावास्या होती. म्हणजे त्या दुःखाला कॅलेंडरमध्ये जागा मिळाली. दरवर्षी दिव्याची अवस आली की कोणीतरी म्हणायचंच, याच दिवशी रामदास बुडाली. शिवाय ती ऐन पावसाळ्यातली गोष्ट. पावसाळ्यात समुद्रावर जाऊ नये हे आधीच माहीत असलेलं शहाणपण तिने आणखी पक्कं केलं. नोव्हेंबरच्या बोटींनी जे शिकवलं ते ठेवायला खणच नव्हता.

१९६१ चं तर आणखी वाईट झालं. १९६१ म्हटलं की महाराष्ट्राला काय आठवतं? पानशेत. १२ जुलै १९६१ ला धरण फुटलं, पुणं बुडालं, आणि ते योग्य कारणांनी सगळ्यांच्या स्मरणात राहिलं. त्याच्या जेमतेम सात आठवडे आधी देवगडला जे झालं ते हवामान खात्याच्या नोंदीत राहिलं आणि घराघरातल्या बोलण्यात. आमच्याकडे वर्षं मोजायची पद्धत होतीच. आजी माझ्या वडिलांचं वय सांगायची ते असं, "ज्या वर्साक तुफान झाला, त्याच वर्साक तुझो बापूस रांगूक लागलो." लहानपणी मला यातलं फक्त रांगणं ऐकू यायचं. तुफान हा जणू त्या वाक्यातला एक आकडा होता, तारखेऐवजी वापरलेला. ज्यांच्याकडे जन्मदाखले नव्हते त्यांनी वादळाला दाखला केलं. पण त्यामुळे झालं काय, की वादळ लक्षात राहिलं ते पोराच्या वयासाठी. ते मेमध्ये आलं होतं, आणि मेमध्ये येऊ शकतं, ही त्यातली सगळ्यात कामाची माहिती गळून गेली. आजी गेली की तो आकडाही गेला.

इथे थोडं लांब जाऊ. एका प्रोजेक्टसाठी मी एक हिवाळा स्कॉटलंडमध्ये काढला. तिथला हिवाळा म्हणजे आपला पावसाळाच, फक्त पांढरा. अंधार, वारा, बंद रस्ते, आणि त्याबद्दल अखंड बोलणारी माणसं. एडिंबरापासून पूर्वेला इंग्लंडच्या सीमेजवळ आयमथ नावाचं मच्छीमारांचं गाव आहे. १४ ऑक्टोबर १८८१ ला, शुक्रवारी, तिथे काय झालं ते वाचताना मला सारखं मालवण दिसत होतं.

आठवडाभर खराब हवेमुळे होड्या किनाऱ्यावर अडकलेल्या. घरात पैसा नाही. शुक्रवारी सकाळ निघाली ती स्वच्छ, शांत. बंदरातल्या वायुभारमापकाचा पारा मात्र खूप खाली होता. लोकांनी पारा बघितला, आकाश बघितलं, आणि आकाशावर विश्वास ठेवला. दुपारी वादळ आलं. त्या किनाऱ्यावरची १८९ माणसं गेली, त्यातली १२९ एकट्या आयमथची. काही होड्या तर बंदराच्या तोंडाशी, बायकामुलांच्या डोळ्यांदेखत फुटल्या.

बंदरात तो वायुभारमापक आला कुठून ही वेगळी गोष्ट आहे. डार्विनला घेऊन गेलेल्या 'बीगल' जहाजाचा कप्तान फिट्झरॉय, त्याने पुढे ब्रिटनचं हवामान खातं उभं केलं. १८५९ साली 'रॉयल चार्टर' जहाज वादळात बुडाल्यावर त्याने बंदरांवर इशाऱ्याची चिन्हं टांगायची पद्धत १८६१ मध्ये सुरू केली. गरीब मच्छीमार गावांना वायुभारमापक मिळावेत म्हणूनही तोच झटला. आपल्याकडे हवामान खातं स्थापन झालं १८७५ मध्ये, त्यामागेही १८६४ चं कलकत्त्याचं चक्रीवादळ हे एक मोठं कारण होतं. पेपरात आपण वाचतो ना, "बंदरात तीन नंबरचा बावटा", तो त्याच घराण्यातला. १ ते ११ असे इशारे असतात. बावटा म्हणतात खरं, पण दिवसा टांगतात ते शंकू आणि नळकांडी, आणि रात्री दिवे.

म्हणजे इशारा आयमथला होता. तरी माणसं गेली, कारण इशाऱ्यावर विश्वास ठेवायला जी आठवण लागते ती नव्हती. त्यानंतर मात्र त्या गावाने ती आठवण सोडली नाही. १९८१ मध्ये शंभर वर्षं झाली तेव्हा गावातल्या बायकांनी मोठा पडदा भरतकामाने भरला, त्यात होड्या आणि बुडालेल्यांची नावं. २०१६ मध्ये किनाऱ्यावर एक ब्रॉंझचं शिल्प बसवलं, समुद्राकडे बघत उभ्या असलेल्या त्या बायका आणि मुलं, अगदी छोट्या छोट्या आकृती. तिथे १४ ऑक्टोबर ही तारीख आहे. नुसतं 'त्या वर्षी' नाही.

आता परत घरी. आपल्याकडे सगळं वाईटच आहे असं नाही. २००४ पासून आपल्या समुद्रातल्या वादळांना नावं मिळायला लागली, आणि नाव मिळालं की गोष्ट लक्षात राहते. 'फयान' आजही कोणालाही विचारा. डिसेंबर २०१७ मध्ये 'ओखी' आलं तेव्हा केरळच्या ६६ आणि तमिळनाडूच्या २ अशा ६८ बोटी, ९५२ मच्छीमारांसकट, सिंधुदुर्गच्या किनाऱ्याला सुखरूप लागल्या. भाषा कळत नसलेल्या पाहुण्यांना देवगडने जेवू घातलं. केरळ-तमिळनाडूत त्याच वादळाने किती घरं उद्ध्वस्त केली ते आठवलं की या आकड्याची किंमत कळते.

आणि मग १६ मे २०२१, रविवार. 'तौक्ते'. इशारा होता, नकाशे होते, मोबाइलवर मेसेज होते. बहुतेक होड्या आत होत्या. तरी देवगडात नांगरलेल्या नौका नांगर तुटून गेल्या आणि खलाशांचा जीव गेला. दुसऱ्या दिवशी मुंबईपलीकडे तेलक्षेत्रात पी-३०५ ही बार्ज बुडाली, त्या दुर्घटनेत सत्तरहून जास्त माणसं गेली. मालवण तालुक्यात झाडं, विजेचे खांब, छपरं पडली. त्यात लॉकडाउन. आमच्याकडे कितीतरी दिवस वीज नव्हती, आणि पुण्यात बसून फोन लावणाऱ्या माझ्यासारख्यांना फक्त "संपर्क क्षेत्राबाहेर" ऐकू येत होतं. शेवटी फोन लागला तेव्हा पलीकडून पहिलं वाक्य आलं ते हेच, "मे महिन्यात असा कधी झाला नव्हता." बोलणारे काका साठीतले होते. देवगडचं तुफान मेमध्येच झालं, आणि त्या वर्षी ते पाळण्यात असणार. १९६१ ते २०२१, बरोबर साठ वर्षं. एका माणसाच्या आयुष्याएवढं अंतर. आठवण विसरायला नेमकं तेवढंच लागतं.

हे सगळं आत्ता लिहायचं कारण म्हणजे हिशेब बदलतो आहे. पुण्याच्या आयआयटीएमच्या शास्त्रज्ञांनी २०२१ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यानुसार १९८२ ते २००० या काळाच्या तुलनेत २००१ ते २०१९ मध्ये अरबी समुद्रातली चक्रीवादळं सुमारे ५२ टक्क्यांनी वाढली. समुद्र तापतो आहे. म्हणजे जी गोष्ट साठ वर्षांनी यायची ती आता एका पिढीत दोन-तीनदा येणार. एक्सेप्शन वारंवार यायला लागलं की त्याला एक्सेप्शन म्हणत नाहीत, त्यासाठी कोड लिहितात.

तो कोड म्हणजे फार काही भव्य नाही. पावसाळ्यासाठी जसं मिरगाआधी घर शाकारतात, तसं मेच्या पहिल्या आठवड्यात एकदा आणि दसरा-दिवाळीच्या मध्ये एकदा. घरावर वाकलेल्या माडाची चुडतं उतरवायची, होडीचा नांगर आणि दोर तपासायचा, बॅटरी आणि चार दिवसांचं पाणी भरून ठेवायचं, तीन नंबरचा बावटा लागला की आकाश कितीही निळं असलं तरी होडी काढायची नाही. ही कामं कोणत्यातरी सणाला बांधली तर शंभर वर्षं टिकतील. ज्यांनी अख्ख्या पावसाळ्याला नक्षत्रांत बसवलं त्यांना हे जमणार नाही असं मला वाटत नाही.

आणि तुमच्याआमच्यासारख्या शहरात बसलेल्यांसाठी सोपं काम. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना पुढच्या फोनवर विचारा, तुफान कुठल्या महिन्यात झालं होतं? वर्ष नाही, महिना विचारा. आंबे उतरवायचे राहिले होते का, भात कापून झालं होतं का, दिवाळी झाली होती का, असं विचारलं की बरोबर आठवतं. आणि ते लिहून ठेवा. मी वडिलांना विचारलं. ते रांगत होते, त्यांना काय आठवणार म्हणा. पण आजीने त्यांना सांगितलेलं एक वाक्य त्यांच्याजवळ होतं. त्या वर्षी घराची कौलं शाकारायला खाली उतरवलेली होती.